भावार्थ आणि नम्रता : जुन्या ख्रिस्ती पोथ्यांतील दोन शब्दांचा विचार

सतराव्या शतकांत गोमंतकांत जें मराठी व कोंकणी ख्रिस्ती वाङ्मय निर्माण झालें, त्याच्या प्रती चाळण्याचा योग ज्यांस येतो त्यांस एक शब्द प्रथमच अडवितो. तो शब्द 'भावार्थ'. आपणां सर्वांस हा शब्द टीकाग्रंथांवरून परिचित आहे. ज्ञानेश्वरीचें दुसरें नांव भावार्थदीपिका. नाथांचें रामायण तें भावार्थरामायण. भावार्थ म्हणजे तात्पर्य, शब्दांच्या पोटांतील अर्थ, हीच समजूत मनांत धरून ख्रिस्ती पोथी वाचूं लागल्यास ओवी लागत नाहीं, आणि लागली तर भलतीकडेच लागते. कारण त्या वाङ्मयांत भावार्थ म्हणजे श्रद्धा, आणि भावार्थी म्हणजे श्रद्धावंत ख्रिस्ती मनुष्य. हा अर्थ गोमंतकांतील ख्रिस्ती कोंकणींत आजहि जिवंत आहे.

दुसरा शब्द अडवीत नाहीं, आणि म्हणूनच अधिक फसवितो. तो म्हणजे नम्रता, व त्याच्या भोंवतीं वावरणारे दीन, लीन, दास हे शब्द. हे आपल्या ओळखीचे असल्यामुळें वाचक थांबत नाहीं. ख्रिस्ती धर्मांत मनुष्यास लाचार होण्याचा उपदेश आहे, एवढी समजूत करून घेऊन तो पुढें जातो. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं. तथापि या ग्रंथांचें वाचन कांहीं वर्षें केल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, हे दोन शब्द एकमेकांवांचून लागत नाहींत. कोणत्या जातीची श्रद्धा हें नम्रतेवरून कळतें, आणि नम्रता खरी कीं लाचारी हें श्रद्धेवरून ठरतें. प्रस्तुत लेखांत एवढेंच दाखवावयाचें आहे.

या वाङ्मयाचा मेरुमणि जें क्रिस्तपुराण, त्याचा कर्ता फादर स्टीफन्स हा इंग्रज होता. विल्टशर परगण्यांत सुमारें १५४९ सालीं त्याचा जन्म झाला; १५७५ सालीं रोम येथें तो येशूसंघांत शिरला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, तो बहुतेक साष्टी प्रांतांतच राहिला. त्याचें पुराण १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हातांनीं केलेल्या नकलांवर. १६८४ सालीं देशी भाषांविरुद्ध सरकारी फर्मान निघालें असतांहि लोकांनीं या नकला घरोघर जपल्या, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अशा नकला ताडून सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ छापून काढला. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ मिळून ९५ अवस्वर (म्हणजे अध्याय), आणि सुमारें ११,००० ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. आपल्या लिपींत ग्रंथ छापावा ही स्टीफन्सची मूळ इच्छा होती. १६०८ च्या पत्रांत त्यानें वरिष्ठांकडे तशी मागणी केली, आणि देवनागरीचे खिळे सहाशेंच्या घरांत पाडावे लागतील ही अडचणहि स्वतःच सांगितली. ती इच्छा त्याच्या हयातींत पुरी झाली नाहीं.

आतां शब्दाकडे वळूं. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत श्रद्धा, आशा व प्रीति असें त्रिक सांगितलें आहे. गोमंतकी ख्रिस्ती भाषेंत त्यास भावार्थ, भरवंसो आणि मोग असे प्रतिशब्द आहेत. मराठी वाचकास येथें आणखी एक गंमत दिसेल. आपल्याकडे भरवसा म्हणजे विश्वास. तेथें तोच शब्द आशेचा वाचक झाला. म्हणजे आपण ज्यास भाव व भरवसा अशा जोडशब्दानें एकत्र बोलतों, त्याचे तेथें दोन भाग पडले : एक देवास आज धरून राहणें, दुसरें उद्यांची निश्चिंति. हे शब्द ज्यांनीं निवडले त्यांचा कान फार तीक्ष्ण होता, यांत संशय नाहीं. 'श्रद्धा' हा सिद्ध शब्द टाकून 'भाव' कां घेतला, याचें उत्तर आमच्या मतें असें आहे कीं, साष्टींतील श्रोत्याच्या तोंडीं भाव, भाविक, भावें हे शब्द रोजचे होते. श्रद्धा हा शास्त्र्याच्या तोंडचा शब्द होता.

तरी श्रद्धा शब्दाची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. लॅटिन भाषेंत ख्रिस्ती मतप्रतिज्ञा 'क्रेदो' या क्रियापदानें आरंभते, आणि हें क्रेदो व आपलें श्रत् + धा हे एकाच मुळापासून फुटलेले सहोदर शब्द आहेत, असें तौलनिक भाषाशास्त्र सांगतें. निघंटूंत श्रत् हें सत्याच्या नामांत गणलें आहे. त्याच प्रतिज्ञेस गोमंतकी कोंकणींत 'सत मानतां', म्हणजे सत्य मानतों, अशा शब्दांनीं ओळखतात. ज्यानें हें भाषांतर केलें त्यास निघंटु ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण निघंटुकारानें श्रद्धेचा जो अर्थ केला असता तोच त्यानें केला.

परंतु सत्य मानणें एवढ्यानें ख्रिस्ती श्रद्धा पुरी होत नाहीं. मध्ययुगीन लॅटिन पंडितांनीं, ऑगस्टिनाच्या आधारें, क्रेदो या धातूचे तीन प्रयोग वेगळे दाखविले आहेत. देव आहे असें मानणें हा पहिला. देव सांगतो तें खरें मानणें, म्हणजे देवास मानणें, हा दुसरा. आणि देवाच्या ठायीं विश्वासून त्याच्याकडे जाणें हा तिसरा. विभक्ति बदलली कीं श्रद्धेची जात बदलते. आपणांकडेहि असेंच आहे. वेदांत श्रद्धेचा विषय चतुर्थींत येतो. पुढें विश्वस् धातु सप्तमी घेऊं लागला. विश्वासाचा मूळ अर्थ मोकळा श्वास घेणें, निर्धास्त होणें. ज्याच्या सन्निध धास्ती वाटत नाहीं त्याच्यावर विश्वास. इब्री भाषेंतील 'एमूना' या शब्दांतहि भक्कमपणा, टेकूं देण्याची शक्ति, हा अर्थ आहे. 'आमेन' हा त्याच धातूचा. तेव्हां भावार्थ म्हणजे एखादें मत मान्य करणें नव्हे, कोणावर तरी भार टाकणें होय, हें मनाशीं पक्कें करावें.

भार टाकावयाचा म्हणजे तो आपणांस पेलत नाहीं हें कबूल करावें लागतें. येथेंच नम्रता येते. मत्तयाच्या शुभवर्तमानांत ही गोष्ट मोठ्या कुशलतेनें दाखविली आहे. त्या ग्रंथांत येशू आपल्या शिष्यांस 'ओलिगोपिस्तोस', मराठी बायबलाच्या भाषेंत 'अल्पविश्वासी', असें चार ठिकाणीं म्हणतो. वादळांत घाबरलेले ते शिष्य, पाण्यावर चालतां चालतां बुडूं लागलेला पेत्र तो शिष्यांचा अग्रणी. उलट, मोठ्या श्रद्धेची वाखाणणी त्यानें दोघांचीच केली आहे, आणि तीं दोघेंहि परकीं, इस्राएलाबाहेरचीं आहेत. एक कफर्णहूमचा शतपति (अध्याय ८) व दुसरी कनानी स्त्री (अध्याय १५). आणि सर्व शुभवर्तमानांत अत्यंत नम्र अशीं वचनें कोणतीं म्हणाल तर तीं याच दोघांच्या तोंडचीं. हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शतपतीचा चाकर आजारी आहे. लूकाच्या पाठांत गांवचे यहुदी वडील येशूकडे शिष्टाई करतात, आणि हा मनुष्य योग्य आहे, यानें आमचें सभास्थान बांधून दिलें आहे, अशी शिफारस करतात. शतपति स्वतः निरोप पाठवितो तो नेमका उलट : आपण माझ्या छपराखालीं यावें एवढी माझी योग्यता नाहीं, शब्द मात्र बोला, म्हणजे चाकर बरा होईल. लोक ज्यास योग्य म्हणतात तो स्वतःस अयोग्य म्हणतो. पण या नम्रतेचें कारण त्यानें पुढें दिलें आहे, आणि तें पुष्कळांच्या नजरेंतून सुटतें. तो म्हणतो, मीहि हुकुमाखालचा मनुष्य आहें. माझ्या हाताखालीं शिपाई आहेत. एकास जा म्हटलें कीं तो जातो. म्हणजे ही रडवी नम्रता नव्हे. हें आपल्या धंद्यांतून आलेलें ज्ञान आहे. ज्यास अधिकार म्हणजे काय हें ठाऊक आहे, त्यासच दुसऱ्याचा अधिकार ओळखतां येतो. नैयायिक आप्ताच्या वचनास शब्दप्रमाण म्हणतात. शतपतीनें आप्त कोण हें ओळखलें, आणि मग प्रत्यक्षाची अपेक्षाच ठेविली नाहीं. त्याच्या वाक्याचा अनुवाद रोमन पंथाच्या मिस्सेंत प्रसाद घेण्यापूर्वीं आजहि म्हटला जातो. एका परधर्मी सेनाधिकाऱ्याचे शब्द सर्व ख्रिस्ती भाविकांच्या तोंडीं कायमचे बसले.

कनानी स्त्रीची गोष्ट याहून कठीण. मुलगी पिशाचबाधेनें पीडलेली. आई ओरडत मागें येते. येशू प्रथम उत्तरच देत नाहीं, आणि मग म्हणतो कीं लेंकरांची भाकर घेऊन कुत्र्यांस घालणें बरें नव्हे. हें वाक्य भाष्यकारांस फार जाचलें आहे. मूळ ग्रीकांत कुत्र्यासाठीं लघुत्वदर्शक रूप आहे, घरांतल्या पाळीव पिलास लावतात तसें. त्यानें धार थोडी कमी होते, जात नाहीं. ती बाई काय करते? ती अपमान नाकारीत नाहीं व गिळीतहि नाहीं. त्याच दृष्टांतांतून वाट काढते. खरें महाराज, पण धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा पिलांनाहि मिळतो, असें ती उत्तर देते. वादांत तिचा जय होतो, आणि तिच्या श्रद्धेस मोठी म्हटलें जातें. उष्ट्याखरकट्याचा विचार ज्या समाजांत पावलोपावलीं चालतो त्या समाजास हा दृष्टांत पाश्चात्यांहून अधिक झोंबतो. चोखोबांच्या जोहारांत उष्ट्यासाठीं आल्याचें जें बोलणें आहे तें ज्यांस आठवेल, त्यांस या बाईच्या उत्तरांतील बोंच सांगावयास नको. तिची नम्रता म्हणजे मागण्याचा हक्क सोडणें नव्हे; योग्यतेच्या बळावर मागणें सोडून देणाऱ्याच्या स्वभावाच्या बळावर मागणें आहे.

एक वरून वांकलेला, एक खालून हात वर केलेली. दोघांची समाजांतील पायरी अगदीं भिन्न, पण दोघांचाहि भार एकाच ठिकाणीं टेकलेला. यावरून निष्पन्न होतें तें हें कीं, या ग्रंथांत नम्रता ही समाजांतील पायरी नव्हे. ग्रीक भाषेंत 'तापेइनोस' हा शब्द पूर्वीं बहुधा हलका, क्षुद्र अशा निंदाव्यंजक अर्थानेंच चाले. ख्रिस्ती लेखकांनीं तो सद्गुणाच्या स्थानीं बसविला. पौलानें फिलिप्पैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत तो खुद्द ख्रिस्ताकडे लाविला आहे : देवस्वरूपीं असून त्यानें आपणांस रितें केलें व नमविलें. आपले संस्कृत शब्द यासाठीं तपासून पाहावे. विनय हा वि + नी पासून, म्हणजे वळण, शिक्षण. तो गुरुगृहीं मिळतो. दैन्य ही अवस्था, तिच्यांत गुण कांहीं नाहीं. नम्र हा नम् पासून, वांकणारा. यांत मात्र कर्तृत्व आहे. जो वांकूं शकतो त्याच्यापाशीं कणा असला पाहिजे. नम्रता हा प्रतिशब्द म्हणूनच आम्हांस दैन्याहून शतपट बरा वाटतो.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाळणें संशोधकास शोभणार नाहीं. साष्टी १५४३ सालीं पोर्तुगीजांकडे गेली; १५६० नंतरच्या दशकांत तेथील देवळें पाडलीं गेलीं; १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघी पाद्री मारले गेले, व त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या गांवकारांस असोळणें येथें बोलावून ठार करण्यांत आलें. अशा मुलखांत राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूंनीं जिंकलेल्यांस नम्रता शिकवावी, यास धर्म म्हणावें कीं राजनीति? ज्यांस कोणी राजनीति म्हणेल त्यांस आम्ही दोष देणार नाहीं; पुष्कळ अंशीं ती तशी होतीच. पण ग्रंथ हा ग्रंथ पढविणाऱ्यांच्या हातांत सर्वस्वीं राहत नाहीं. जी पोथी जिंकलेल्यांस नमावयास सांगे, तिच्याच मूळ आधारग्रंथांत नमणारा हा हातीं शिपाई असलेला अधिकारी आहे, आणि वाद जिंकणारी ही तुच्छ मानलेली परकी बाई आहे. स्टीफन्सच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस यानें आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकांत (पोपची मान्यता १५४८) नम्रतेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला, मोठें पाप न करण्याइतकी देवाची आज्ञा पाळणें. दुसरा, संपत्ति वा दारिद्र्य, मान वा अपमान यांपैकीं कशाकडेच कल न ठेवणें. तिसरा, ख्रिस्ताशीं सारखेपणा यावा म्हणून दारिद्र्य व अपमान हेच पत्करणें. हे तिन्ही साधकानें स्वतःसाठीं निवडावयाचे आहेत. दुसऱ्यावर लादण्याचा प्रकार त्यांत नाहीं.

लादलेली नम्रता नाकारून खरी ठेवणें म्हणजे काय, याचें उदाहरण महाराष्ट्रांत घडलें आहे. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा इंग्लंडांत वाँटेज येथें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं झाला. त्यानंतरच्या दोन वर्षांतला त्यांचा सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं झालेला पत्रव्यवहार १९७७ सालीं मुंबईस छापून प्रसिद्ध झाला आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांचें म्हणणें मुकाट्यानें मान्य करणें ही नम्रता, असें जेराल्डीनबाईंचें मत. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, आपल्या देशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तें दुसऱ्या पुरोहितांचें चढविण्यासाठीं नव्हे. देवाचें वचन वाचून आपल्या विवेकास पटेल तें मी पाळीन. त्यांस अहंकारी म्हटलें गेलें. आतां पुढचें पाहा. याच बाईंनीं १८९६–९७ च्या दुष्काळांत शेंकडों अनाथ मुली केडगांवास आणून ठेविल्या. अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षें मदतीचें वचन दिलें होतें, त्याची मुदत १८९८ सालीं संपली. त्यानंतर ठरीव उत्पन्नाचा आधार नसतां त्यांनीं 'मुक्ति' संस्था देवावर भार टाकून चालविली. मनुष्यापुढें न वांकणारी आणि देवावर सर्व भार टाकणारी अशी ही एकच व्यक्ति आहे. कनानी बाईचा वंश हाच, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचें शेवटचें काम आपल्या वाचकांच्या अगदीं जवळचें आहे. इब्री व ग्रीक मुळांवरून त्यांनीं सबंध बायबल मराठींत आणलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ सालीं मुक्तीच्याच छापखान्यांतून बाहेर पडला. कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं जिला 'सरस्वती' म्हटलें त्या विदुषीनें या भाषांतरांत संस्कृत प्रौढी हेतुपूर्वक टाळली. अशिक्षित बायकांस कळावें एवढीच भाषा ठेविली. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या मास्तरास हा त्याग किती मोठा हें लवकर कळतें, आणि तो आपणांस करवत नाहीं हेंहि कळतें. ऑगस्टिनानेंहि आपल्या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या भागांत सांगितलें आहे कीं, तरुणपणीं शास्त्रवचन त्यास सिसरोच्या भारदस्त लेखनापुढें हलकें वाटलें, कारण त्याची मान त्या दारांतून आंत जाण्याइतकी लवत नव्हती.

स्टीफन्सनेंहि हेंच केलें, आणि येथून संग्राहकांच्या उपयोगाचा मुद्दा निघतो. आपल्या मराठी प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, पूर्वींच्या कवीश्वरांचे अवघड शब्द आपण टाकले, आणि ब्राह्मणांच्या चालू बोलींतील सोपे शब्द मिसळले. आतां १८३५ सालीं विल्यम मार्सडेन यानें लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिलेल्या संग्रहांत, जो पुढें तेथील प्राच्यविद्या शाळेकडे गेला, या पुराणाचें देवनागरी हस्तलिखित आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ सालीं तें उजेडांत आणलें व मूळ पाठ हाच असें प्रतिपादन केलें. त्या प्रतींत संस्कृत वळणाच्या शब्दांचा भरणा अधिक, तर रोमन लिपींतील परंपरेंत पोर्तुगीज व लॅटिन पारिभाषिक शब्द अधिक. अ‍ॅबट यांच्या मतास वजन आहे. तथापि लिपि मूळची असली म्हणून प्रत्येक शब्द मूळचा ठरत नाहीं. सोपा शब्द काढून पंडिती शब्द घालण्याची हौस नकलकारास असते, उलट क्वचितच घडतें. कर्त्यानें आपला कल सोप्याकडे असल्याचें स्वतःच सांगितलें असल्यामुळें, जेथें एका प्रतींत भाव, भावार्थ, सत मानणें अशी बोली भाषा व दुसरींत तिच्या जागीं संस्कृत शब्द आढळेल, तेथें पहिल्या पाठाकडे झुकतें माप द्यावें असें आमचें मत आहे. ज्यांच्या संग्रहीं दुसऱ्या पुराणाचे फुटकळ अवस्वर असतील त्यांनीं येशूच्या चमत्कारांचे प्रसंग या दृष्टीनें ताडून पाहावे, आणि सूची करतांना भावार्थ या शब्दापुढें तात्पर्य असें न लिहितां श्रद्धा असें लिहावें.